नवरदेव उभा, बॅटरी बसली

लग्नात आलेला फोटोग्राफर किती पाण्यातला आहे हे ओळखायची छत्रपती संभाजीनगरात एक खात्रीची रीत आहे. त्याचे जुने अल्बम कोणी मागत नाही, लेन्स कुठली हे तर कोणी विचारतच नाही. कॅमेरा किती उंच आहे ते बघतात. खाली ग्रिप असेल तर तो फोटोग्राफर. नसेल तर नवरीच्या मावसभावाचा मित्र, जेवणापुरता आलेला. बीड बायपासच्या एका लॉन्सवर मुलीच्या मामांनी हे तत्त्व फार थोडक्यात मांडलं होतं : "एवढे पैसे घेतोय तर कॅमेरा निदान दोन्ही हातांनी उचलावा लागंल इतका तरी पाहिजे का नको?"

ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूनं बसवायचा जादा भाग. त्यात बॅटऱ्या मावतात आणि कॅमेरा उभा धरला की बोटाखाली येईल असं दुसरं शटरचं बटण असतं. नवरीचा मुंडावळ्यांपासून जोडव्यांपर्यंत फोटो काढायचा तर कॅमेरा उभा धरावाच लागतो. ग्रिप नसेल तर फोटोग्राफरचा उजवा कोपर थेट मांडवाच्या छताकडे जातो आणि मागच्या रांगेतल्या आत्याबाई ओरडतात, "ओ दादा, हात खाली घ्या की, काही दिसंना!" तेव्हा ग्रिपला कामाचं कारण आहे, नाही असं नाही. पण कितीतरी ग्रिपांमध्ये बॅटरी एकच असते. दुसरा कप्पा रिकामा. ओरिजनल बॅटरीला काही हजार मोजावे लागतात आणि रिकामा कप्पा बाहेरून कोणाला दिसत नाही. रुबाब पूर्ण, वीज अर्धी.

कॅमेऱ्याखालची ही जागा मुळात मोटरची. साठच्या दशकात बातमीदारीतले फोटोग्राफर निकॉन एफ या कॅमेऱ्याला एफ-३६ नावाची मोटर जोडत. रोल आपोआप पुढे सरके, मात्र मोटरचे सेल वेगळ्या डब्यात असत आणि तो डबा वायरीनं लोंबकळे. पुढे १९९६ साली निकॉन एफ५ आला. त्यानं मोटर, सेल सगळं पोटात घेतलं आणि एका वेळी आठ पेन्सिल सेल मागायला लागला. भिंतीवरच्या घड्याळाला एक सेल वर्षभर पुरतो, हे ज्या घरात अभिमानानं सांगितलं जायचं त्या घरातल्या मुलानं असा कॅमेरा आणला तर वडिलांना काय वाटत असेल? डिजिटल आल्यावर महागड्या कॅमेऱ्यांना, म्हणजे निकॉन डी१ किंवा कॅननच्या वन-डी मालिकेला, ग्रिप जन्मजातच आली. बाकीच्यांनी ती वेगळी विकत घ्यायची.

काही कॅमेऱ्यांत ग्रिप लावली की वेग खरंच वाढतो. २००८ सालचा निकॉन डी७०० एरवी सेकंदाला ५ फोटो काढी, ग्रिपमध्ये मोठी बॅटरी घातली की ८. डी८५० चंही तसंच : एरवी ७, पण ग्रिपमध्ये डी५ या थोरल्या कॅमेऱ्याची बॅटरी घातली की ९. आमच्या एका फोटोग्राफर मित्रानं केवळ या दोन जादा फोटोंसाठी ग्रिप, मोठी बॅटरी, तिचा वेगळा चार्जर असा सगळा संसार उभा केला. आता तो सेकंदाला नऊ फोटो काढायला तयार होऊन स्टेजसमोर उभा असतो. मुहूर्त बारा पस्तीसचा आहे, दोन वाजलेत, आणि नवरदेव परण्याच्या घोड्यावरून अजून मारुतीच्या देवळापर्यंतही पोचलेला नाही.

एका चार्जिंगमध्ये किती फोटो निघतात? जपानी कॅमेरा कंपन्यांची सीपा नावाची संघटना आहे. तिनं हे मोजायची शिस्त घालून दिली आहे. तापमान २३ अंश, दर ३० सेकंदांनी एक फोटो, कॅमेऱ्यालाच फ्लॅश असेल तर एक सोडून एक फोटोला तो उडवायचा, दहा फोटो झाले की कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करायचा. या हिशेबानं कॅनन फाइव्ह-डी मार्क फोरचे ९०० फोटो होतात, डी८५० चे १८४०, सोनीच्या पहिल्या ए-सेव्हनचे जेमतेम ३४०. ही शिस्त लावणाऱ्या सज्जनांना वैशाखात एकदा आमच्याकडे लग्नाला बोलवायला हवं. २३ अंश आमच्याकडे पौषात असतात. लग्न मात्र मे महिन्यात, चाळिशीपार, पत्र्याच्या मांडवात, बाजूला जिलबीची कढई. थंडीत बॅटरी तात्पुरती मरगळते, उन्हानं मात्र ती कायमची म्हातारी होते. दुपारी पार्किंगमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली बॅटरी संध्याकाळी रिसेप्शनला येते ती निवृत्त होऊनच.

आणि गंमत सांगतो, नुसते भराभर फोटो काढले तर सीपाच्या आकड्याहून जास्तच निघतात. बॅटरी खातं ते फोटो दाखवणं. क्लिक झालं न झालं तोच करवली येते, "दादा, दाखवा ना." दादा दाखवतात. मग करवलीची मैत्रीण बघते. तिला आपले डोळे मिटलेले दिसतात, म्हणून तो परत काढायचा आणि परत दाखवायचा. मग एक काका स्क्रीनवर बोटांनी आपलंच टक्कल मोठं करून बघतात आणि विचारतात, "हे घालवता येतं ना हो?" एवढ्यात मागून नवरीच्या आई, "सगळे दाखवा बरं हळदीपासूनचे." ग्रिपमधली दुसरी बॅटरी खरं तर या काकांची आणि या आईंची असते. सीपानं मोजमापाच्या नियमांत दर पाचव्या फोटोला एक नातेवाईक घालावा, म्हणजे आकडा बरोबर येईल.

मंगल कार्यालय बांधताना मालक झुंबरं हौसेनं मोजून लावतो, प्लग मात्र कोणी मोजत नाही. स्टेजजवळ एकच बोर्ड असतो. त्यावर हक्क सांगणारे : डीजे, एलईडी पडदेवाला, पाण्याचे फवारे उडवणारे दोन पंखे, भटजींचा माईक, मेकअपवाल्या ताईंचं केस कुरळे करायचं यंत्र. उरलेल्या एका भोकात प्लग सैल बसतो, म्हणून त्याच्याखाली लग्नपत्रिकेची घडी खोचतात. आर्ट पेपरवर सोनेरी छपाई केलेल्या पत्रिकेचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

प्रत्येक फोटोग्राफरबरोबर एक पोरगा असतो. लाइट धरणं हे त्याचं सांगायचं काम. खरं काम चार्जरची राखण. हा पोरगा जेवायला गेला की अनर्थ होतो. तो परत येतो तेव्हा चार्जर सतरंजीवर पडलेला, आणि त्याच्या जागी कोणाचा तरी मोबाइल १८ टक्क्यांवर झोपलेला.

"ओ, कुणाचाय हा?"

"माझाय. राहू द्या. मी बी लग्नाचंच काम करतोय की. लाइव्ह चाललंय, पुण्याच्या आत्यांना येता नाही आलं."

यावर काय बोलणार! पुण्याच्या आत्यांना लग्न दिसावं म्हणून लग्नाचा अल्बम पणाला लागलेला असतो. त्यातच वीज जाते. जनरेटर सुरू होतो, आणि जनरेटरवर सगळ्यांत आधी जिवंत होतो तो डीजे.

आमच्या भागातल्या लग्नात आणखी एक मोठा वीजखाऊ प्रकार आहे, तो म्हणजे शुभाशीर्वाद. अंतरपाट धरायची वेळ होते, नवरा-नवरी हार घेऊन उभे राहतात, आणि निवेदक माईकवर जाहीर करतो की साहेब जालना रोडला लागलेत. फोटोग्राफर कॅमेरा बंद करू शकत नाही, कारण साहेब कुठल्या क्षणी येतील सांगता येत नाही. साहेब आले की टॉवेल-टोपी, शाल, श्रीफळ. साहेबांबरोबर आलेल्या सगळ्यांना टॉवेल-टोपी. यातला एकही फोटो चुकवून चालत नाही; नवऱ्याचा चुकला तर परत उभं करता येतं, साहेबांना नाही येत. हा सोहळा उरकून भटजी मंगलाष्टकांना हात घालतात तेव्हा ४० टक्के दाखवणारी बॅटरी एकदम लाल होते. मधले आकडे तिला माहीतच नसतात.

अशा वेळी वधूची मावशी धावून येते. तिनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक असतं. त्यात दोन्हीकडच्या आजोळांची नावं, मुलाची कंपनी, मुलीचं शिक्षण आणि दोघांच्या जन्मगावांतली ग्रामदैवतं एका चालीत बसवलेली असतात. पाहुणे अक्षता मुठीत धरून घामाघूम होतात, लहान मुलं त्या आधीच फेकून मोकळी होतात. फोटोग्राफर मात्र शांतपणे ग्रिपचा ड्रॉवर ओढतो, बॅटरी बदलतो, बंद करतो, वर एक घोट पाणीही पितो. मावशींच्या काव्यावर कोणी हसू नये. कितीतरी अल्बम त्यांच्या यमकांनी वाचवले आहेत.

हा ड्रॉवर कॅननवाल्यांना मिळतो बरं का. त्यांच्या ग्रिपचा एक दांडा कॅमेऱ्याच्या पोटात शिरतो आणि दोन्ही बॅटऱ्या खाली राहतात. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एक बॅटरी वर कॅमेऱ्यात, दुसरी खाली ग्रिपमध्ये. वरची काढायची तर आख्खी ग्रिप उकलावी लागते. म्हणून शहाणा निकॉनवाला मेनूत जाऊन आधी खालची बॅटरी वापर असं सांगून ठेवतो. बाकीचे सप्तपदीच्या वेळी गुडघ्यावर बसून स्क्रू फिरवताना दिसतात, आणि आजीबाईंना वाटतं पोरगा पाया पडायला वाकलाय.

कॅननच्या दांड्यासाठी बॅटरीचं मूळ झाकण काढावं लागतं. ते हरवू नये म्हणून कंपनीनं ग्रिपमध्येच ते ठेवायला खास खाच दिलेली आहे. इतका मायेनं केलेला विचार आणि त्याची इतकी उपेक्षा मी दुसरीकडे पाहिली नाही. झाकण पहिल्याच दिवशी टेबलाच्या खणात जातं, तिथून दिवाळीच्या साफसफाईत जातं, आणि काही वर्षांनी कॅमेरा विकायला काढला की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं : "झाकण कुठंय?"

ग्रिपचे आजार बहुतेक साधे असतात, फक्त ते योग्य वेळी उद्भवतात. ग्रिप आवळायचं खालचं चाक हळूहळू सैल होतं, कॅमेरा गळ्यात हिंदकळला की क्षणभर संपर्क तुटतो आणि भरलेल्या दोन बॅटऱ्या पोटात असूनही कॅमेरा डोळे मिटतो. उभ्या बटणाला बंद-चालू करायचा खटका असतो, तो पट्ट्याला घासून बंद होतो. मग नवरा-नवरी हसत राहतात, फोटोग्राफर दाबत राहतो, काहीच वाजत नाही. उलट खटका चालू राहिला तर गळ्यातल्या कॅमेऱ्याचं ते बटण फोटोग्राफरच्या पोटावर दाबलं जातं, आणि पंगतीच्या गडबडीत कार्डावर सतरंजी, बूट आणि सांडलेल्या अक्षतांचे सेकंदाला आठ या वेगानं उत्तम फोटो जमा होतात.

जुन्या शहरातल्या गल्लीत एक दुरुस्तीवाले चाचा आहेत. त्यांच्याकडे आमचा मित्र नवीन बॅटरीची चौकशी करायला गेला. चाचांनी ग्रिप उघडली, पितळी पट्ट्या उन्हाकडे धरून पाहिल्या आणि शाळकरी पोराचं खोडरबर काढून घासायला लागले. "देखो मियाँ, बॅटरी को कुछ नई हुआ. कॉन्टॅक्ट काला पड़ गया. खाली-पीली नवी नक्को लो." जपानी कारखान्यात बनलेली वस्तू दप्तरातल्या खोडरबरानं बरी झाली. चाचांनी पैसे किरकोळ घेतले, चहा मात्र मित्राला पाजायला लावला.

नवी घ्यायचीच झाली तर ओरिजनल की डुप्लिकेट, हा आमच्या फोटोग्राफर मंडळींत कायमचा वाद. २००८ साली कॅनन फाइव्ह-डी मार्क टूबरोबर एलपी-ई६ ही बॅटरी आली, १८०० एमएएचची. त्याच आकारात जास्त वीज कोंबायला कंपनी बारा वर्षं खपली आणि २०२० साली २१३० पर्यंत पोचली. डुप्लिकेटवाल्यांनी हा टप्पा केव्हाच मागे टाकला, तोही छापखान्यात. त्यांच्या वेष्टनावर २६०० असतं, दुसऱ्या खेपेला त्याहून जास्त. अशी बॅटरी घातली की कॅमेरा विचारतो, हिच्याशी नीट संपर्क होत नाही, तरी वापरायची का? फोटोग्राफर न वाचता 'हो' दाबतो. स्वस्तातली एखादी बॅटरी फुगते आणि ग्रिपमध्ये अशी घट्ट बसते की कॅमेऱ्याऐवजी पकड शोधावी लागते. ओरिजनलवाल्यांनीही फार कॉलर ताठ करू नये. २०१२ साली खुद्द निकॉननं ईएन-ईएल१५ बॅटऱ्यांच्या काही खेपा तापून बाहेरचं कवच वेडंवाकडं होण्याच्या शक्यतेमुळे बदलून दिल्या होत्या.

निकॉनच्या मेनूत बॅटरीचं वय बघायची सोय आहे. शून्य म्हणजे नवीकोरी, चार म्हणजे संपली, बदला. आमच्याकडे चार झालेल्या बॅटऱ्या हंगामच्या हंगाम काढतात. त्यांच्यावर पेननं 'जुनी, पण चालते' असं लिहिलेलं असतं, आणि साखरपुड्याला त्याच पाठवतात, कारण साखरपुड्याचं पॅकेज स्वस्तातलं.

बॅटरीची ही धास्ती लग्नांपुरतीच आहे असंही नाही. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी सिद्धार्थ उद्यानात स्मृतिस्तंभापाशी मुख्यमंत्री ध्वजारोहणाला येतात तेव्हा वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांची रांग पाहावी. झेंडा उलगडून फुलं पडायला दोन सेकंद लागतात आणि ती पुढच्या वर्षीपर्यंत परत पडत नाहीत.

अशा वेळी मला मेजर रॉबर्ट गिल यांचा हेवा वाटतो. मद्रास सैन्यातला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला आणि इथंच रमला. रंग-कुंचल्याबरोबर पुढे त्यानं कॅमेराही हाती घेतला. त्याच्या दुहेरी, म्हणजे स्टिरिओ फोटोंची पुस्तकं १८६४ मध्ये लंडनला निघाली. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेमुळे मराठी वाचकाला गिल आणि त्याची प्रेयसी पारो माहीत असतात, पण गिलकडे चार्जर नव्हता हा मुद्दा राहून जातो. त्याची वीज सूर्य. अर्थात त्याच्या अडचणीही मोठ्याच होत्या. त्याची बहुतेक तैलचित्रं १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. बॅकअप ही गोष्टही तेव्हा नव्हती. पुढेही अनेक वर्षं लेण्याच्या तोंडाशी आरसा किंवा पांढरं कापड धरून गाईड लोक ऊन आत पाठवत. १९९१ मध्ये फोटोग्राफर बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रं अगदी मंद उजेडात, शटर बराच वेळ उघडं ठेवून टिपली. आजही तिथं फ्लॅश चालत नाही. आजचा फोटोग्राफर मात्र फर्दापूरहून बसनं वर जातो, तिकीट काढतो, पायऱ्या चढून पहिल्या लेण्यात शिरतो आणि पद्मपाणीसमोर उभा राहिल्यावर त्याला आठवतं की भरलेल्या बॅटऱ्या खाली गाडीत आहेत. वाकाटकांनी इतका खर्च केला, पण प्लग ठेवला नाही.

जुन्या पिढीतले एक फोटोग्राफर काका अजून गुलमंडीवर भेटतात. त्यांचा निकॉन एफएम२ त्यांनी विकलेला नाही. त्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं, बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला, आणि काकांना तो डोळ्यांनीच कळतो. "आमच्या काळी बॅटरी संपायचीच नाही," हे ते सांगतात. रोल संपायचा, हे सांगत नाहीत. छत्तीस फोटो झाले की झाले. या शहरात सहाव्या पावलावर थांबलेल्या सप्तपद्यांचे अल्बम बऱ्याच कपाटांत आहेत, आणि ते संसार बहुतेक ठीक चालले आहेत.

नव्या पोरांकडे आता मिररलेस कॅमेरे आहेत. त्यांच्यात आरसा नाही, त्यामुळे सेन्सर आणि डोळ्याजवळचा छोटा पडदा सारखा जागा असतो, आणि वीज त्या प्रमाणात जाते. सोनीनं २०१७ साली मोठी एनपी-एफझेड१०० बॅटरी आणली तेव्हा फोटोग्राफरांना जरा श्वास मिळाला. आता तर खिशात पॉवर बँक आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत वायर. म्हणजे साठच्या दशकात लोंबकळणारी वायर साठ वर्षांनी परत लोंबकळायला लागली. परवा एका रिसेप्शनला ती वायर नवरीच्या शेल्यात अडकली, आणि सगळ्या वऱ्हाडानं फोटोग्राफरचीही गाठ बांधून दिली म्हणून टाळ्या वाजवल्या.

यावर इलाज म्हणून मी फोटोग्राफरांना काही सांगणार नाही. ते बिचारे खोडरबर, पत्रिकेची घडी आणि मावशींचं मंगलाष्टक यांवर चालवून घेतच आहेत. विनंती आहे ती वधू-वर पित्यांना. पत्रिकेत तळाशी 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ छापतात, ती कोणी पाळत नाही. पुढच्या हंगामात तिच्या जागी ही छापा : 'आहेर आणला तरी चालेल, परंतु स्टेजजवळच्या प्लगमधून फोटोग्राफरचा चार्जर काढून आपला मोबाइल लावू नये, ही विनंती.' आणि त्याच्या पोरग्याला पहिल्या पंगतीला जेवायला बसवा.